कोरी प्लेट

आमच्या घराण्यात गप्प बसायची पद्धत नाही. आजोबा, वडील, काका सगळे सरकारी कचेऱ्यांत कारकून. दिवसभर कागदात मान घालून बसायचे आणि तोंडात साठलेलं सगळं संध्याकाळी घरी येऊन मोकळं करायचे. जेवताना आमटी वाढून घ्यायची तर आधी दोघांचं बोलणं तोडावं लागे. अशा घरातली मी उस्मानपुऱ्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. यात शाळेचं भलं झालं की वाटोळं, यावर स्टाफरूममध्ये अजून दोन तट आहेत.

मागच्या हिवाळ्यात मी ठरवलं की नववीच्या पोरांना जिवाणू वाढवून दाखवायचे. मी शाळेत असताना जिवाणूंची आकृती वहीत काढली होती, हिरव्या रंगानं रंगवली होती, आणि बाईंनी खाली 'सुंदर' लिहिलं होतं. खरे जिवाणू वाढताना काही पाहिले नव्हते. ते मला आजही सलतं. जो रंग मी भरला तोसुद्धा मनाचा होता.

ओळखीच्या एका कॉलेजातून निरुपद्रवी जिवाणूंची एक नळी मिळाली. आगर आणलं. आगर म्हणजे आपल्या चायना ग्रासचाच भाऊ. त्यात जिवाणूंचं खाणं मिसळलेलं असतं. ते शिजवून झाकणाच्या काचेच्या बशीत ओतलं की थिजतं, आणि त्यावर जिवाणू सोडायचे. बशीला आम्ही प्लेट म्हणतो. दरवेळी एक प्लेट मुद्दाम कोरी ठेवायची, तिच्यावर काहीच सोडायचं नाही. ती कोरी राहिली, तरच बाकीच्यांवर वाढलंय ते आपण सोडलेलंच आहे असं म्हणता येतं.

आमची कोरी प्लेट कोरी राहीना. शनिवारी ओतावी आणि मंगळवारी बघावं, तर तिच्यावर पांढरे-पिवळे ठिपके. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला तर जिवाणू सोडलेल्या प्लेटांपेक्षा कोरीच जास्त भरलेली.

मोठ्या मॅडमनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून घेतलं. "मॅडम, शाळेत पोरं वाढवायची असतात, जंतू नाही. पालकांचे फोन येताहेत. अजून एकदा करून बघा. याही वेळी कोरी प्लेट खराब झाली, तर हा प्रयोग वहीत करायचा."

वहीत! म्हणजे पुन्हा हिरवा रंग. माझं डोकंच फिरलं. आणि डोकं फिरलं की मला कुणीतरी गुन्हेगार लागतो.

गुन्हेगार समोरच होता. आमच्या प्रयोगशाळेचं सगळं काम बघणारे मामा. शाळेत शिपायांना सगळे मामाच म्हणतात, पण हे खरोखर कुणाचे तरी मामा वाटावेत असे. राहायला हर्सूलकडं, घरी थोडी शेती आणि दोन म्हशी. पहाटे धारा काढून, दूध घालून, मग सायकलवर शाळेत. खांद्यावर कायम एक रुमाल. आगराच्या बाटल्या आणि काचेच्या प्लेटा आम्ही प्रेशर कुकरमध्ये निर्जंतुक करतो, ते काम त्यांचंच. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "मॅडम, किती शिट्ट्या घिऊ?" मी त्यांना शिट्ट्या आणि मिनिटं यातला फरक समजावून सांगायला अर्धा तास घेतला. तोवर कुकरची वेळ होऊन गेली होती.

चौथ्या खेपेच्या शनिवारी सगळी पोरं टेबलाभोवती उभी होती. मामा स्पिरिटनं टेबल पुसत होते. रुमाल खांद्यावर होताच. माझी नजर त्या रुमालावर गेली आणि मी म्हणाले, "मामा, कळलं मला! म्हशींचे जंतू अंगावर घेऊन तुम्ही इथं येता. तुमच्या त्या रुमालानंच सगळं घाण होतंय!"

भर वर्गात. चाळीस पोरांसमोर.

मामांनी रुमाल काढला, घडी केली, दाराबाहेर खिडकीच्या गजाला अडकवून आले. मग नळावर गेले आणि कोपरापर्यंत हात धुतले. साबण लावून, नखांत घासून. ते धुणं बघूनच मला कळायला हवं होतं. तसे हात त्यांनी काही त्या दिवशी पहिल्यांदा धुतले नव्हते. परत आले ते एक अक्षर न बोलता. मी म्हणाले, "पंखा बंद केला का?" त्यांनी पंख्याकडं बोट दाखवलं. बंद होता. "खिडक्या?" बोट. बंद.

मलाही राग आला. एवढं काय लावून घ्यायचं? नाही बोलायचं तर मीही नाही बोलणार. आमच्या घराण्यात न घडलेली गोष्ट त्या दिवशी घडली. मी बर्नर पेटवला. मामांनी झाकण जरासं उचललं, मी आगर ओतलं, त्यांनी झाकण टेकवलं. दुसरी. तिसरी. पोरांनी मला गप्प कधी पाहिलं नव्हतं. ती बिचारी श्वास धरून उभी. सोळा प्लेटा झाल्या. थिजल्यावर पंधरांवर जिवाणू सोडले, सोळावी कोरी ठेवली. मामांनी सगळ्यांना चिकटपट्ट्या लावल्या आणि कुकर घासायला निघून गेले.

मंगळवारी पंधरा प्लेटांवर जिवाणू वाढले होते. ते हिरवे नव्हते. मळकट पांढरे होते. आणि सोळावी प्लेट कोरी होती. तिच्यात बघून भांग पाडावा इतकी स्वच्छ.

मोठ्या मॅडम स्वतः येऊन बघून गेल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी लगेच सांगायला सुरुवात केली, "बघा, रुमाल बाहेर ठेवला आणि..." तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक पोरगी, जिला शंका विचारताना हात वर करायची सवय मीच लावली, हात वर करून उभी राहिली.

"मॅडम, रुमाल तर दुसऱ्या वेळेसपण बाहेर होता. मामा त्या दिवशी गावाला गेले होते. या वेळेस नवीन इतकंच झालं, की तुम्ही गप्प होता."

वर्गात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

शंका आली की तपासायची, हेही मीच शिकवलेलं. शिवाय माझी खात्री होती की बोलताना उडणारे तुषार अडवायला तोंडावर मास्क असतो. मास्क होते, गुलमंडीतून कापड आणून सगळ्यांना शिवून घेतले होते. पण मास्क लावून समजावून सांगता येत नाही, म्हणून बोलताना मी तो खाली ओढायची. म्हणजे तो कायम हनुवटीवरच. पोरांनी दोन कोऱ्या प्लेटा घेतल्या. एक बर्नरशेजारी मिनिटभर उघडी ठेवली, सगळे मुके. दुसरी उघडी ठेवली आणि पोरं मला म्हणाली, नेहमीसारखं बोला. ऐनवेळी काय बोलायचं सुचेना, म्हणून मी प्रयोगशाळेत शांतता पाळण्याचं महत्त्व यावर बोलले. दोन्ही प्लेटा चिकटपट्टीनं बंद केल्या, पुन्हा उघडायच्या नाहीत या अटीवर.

तीन दिवसांनी पहिलीवर एकच ठिपका होता. दुसरीवर किती होते ते मोजायला पोरांनी झाकणावर पेननं चौकोन आखून घेतले. वर चिठ्ठी लावली, 'मॅडम'. ती प्लेट बघायला दहावीची पोरंसुद्धा येऊन गेली. कधी एकदा ती कुकरमध्ये जाते असं मला झालं. शेवटी नेमाप्रमाणं बंद झाकणासकट ती मामांनीच कुकरात टाकली. माझ्याकडं न बघता.

मामा अजूनही बोलत नव्हते. काम चोख, विचारलं तर मान हलवायची. त्यांचे हात माझ्यापेक्षा स्वच्छ होते, आणि मी चाळीस पोरांसमोर त्यांना घाणेरडं म्हटलं होतं. मला लाज वाटत होती. एकदा सायकल स्टँडजवळ गाठून मी माफी मागायला गेले. सुरुवात बरी झाली, पण मग मी तोंडातल्या तुषारांवर घसरले, तिथून मास्कवर, तिथून माझ्या वडिलांच्या कचेरीवर. मामांनी सायकलचं कुलूप काढलं, माझं बोलणं संपायची वाट बघितली, ते संपेना, तेव्हा निघून गेले.

त्या रुमालाच्या प्रकरणानंतरच्या तिसऱ्या शनिवारी दुसऱ्या तुकडीच्या प्लेटा ओतायच्या होत्या. त्या तुकडीबरोबर पहिल्या तुकडीतलीही पोरं मागं येऊन उभी होती. म्हटलं, ज्यांच्यासमोर बोलले त्यांच्यासमोरच माफी मागायला हवी. बर्नर पेटला होता, माझ्या हातात बाटली होती, मामांनी झाकण उचललं होतं. मी मास्क खाली ओढला.

"मामा, मला सगळ्यांसमोर तुमची माफी..."

"मॅडम." मामांनी मानसुद्धा वर केली नाही. "झाकण उघडं हाय."

तीन आठवड्यांत ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले. मी मास्क वर घेतला. आगर ओतलं. त्यांनी झाकण टेकवलं, बोटानं नीट सरकवलं, हातातलं काम थांबवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"हां. आता बोला."

मी तीन आठवडे भाषण जुळवत होते. त्यातलं काहीच आठवलं नाही.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"व्हय," मामा म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या प्लेटचं झाकण उचललं.