खाली गाडीचे वैरी

"काऊन बे, खाली आणली गाडी?"

सौंदडच्या नाक्यावर हा आवाज घुमला, की शेठचा ट्रक परत आला असं समजायचं. शेठ म्हणजे माझ्या पंक्चरच्या दुकानासमोरच्या राइस मिलचे मालक. तांदूळ पोचवून ट्रक रिकामा आला, की त्यांना जेवण गोड लागायचं नाही. म्हणून त्यांचा ड्रायव्हर वाटेत मिळेल ते भरून आणायचा. कधी विटा, कधी धानाचं तणीस, आणि एकदा तर बस बिघडलेली अख्खी वरात! नवरदेव केबिनमध्ये, बाजेवाले मागे. शेठनं साऱ्या वऱ्हाडाला चहा पाजला.

आता असा दिलदार माणूस, पण शेजारच्या पोहा मिलवाल्या भाऊंशी हाडवैर. कारण काय, तर भाऊंचे ट्रक यांच्या फाटकासमोर उभे राहतात! दोघंही चहा प्यायचे माझ्याच बाकावर, पण दोन टोकांना, एकमेकांकडं पाठ करून. तुम्हीच सांगा, मधल्या माणसानं बोलायचं कोणाशी?

एका पावसाळ्यात चुलबंद नदी फुगली. काठच्या एका गावाला पाण्यानं वेढा घातला, माणसं शाळेच्या स्लॅबवर चढून बसली. शेठनं कोणाच्या सांगण्याची वाट पाहिली नाही. ट्रकभर तांदूळ पाठवून दिला. दुपारी ट्रक भरलेलाच परत.

"आता भरून काऊन आणली?" शेठ ओरडले.

"शेठ, चुली बुडाल्या तिथं. सरपण वलं झालं. कच्चा तांदूळ चावतीन का ते? लेकरं भुकेनं रडून राहिली."

शेठ मटकन बाकावर बसले. तांदूळवाल्याला तांदूळच सुचणार हो! मग एकदम उठले आणि दुसऱ्या टोकाला बसलेल्या भाऊंसमोर जाऊन उभे राहिले.

"पोहे दे. गाडी माही, हमाल माहे."

भाऊंनी कप खाली ठेवला. "सकाळपासून पोहे भरून बसलो ना! माह्या साऱ्या गाड्या रायपूरकडं अडकल्या."

"मंग मले काऊन नाही सांगितलं?"

"तू काऊन नाही इचारलं?"

"लेकरं उपाशी, अन् तुम्ही भांडून काऊन राहिले!" मी दोघांवरही खेकसलो. माझा आवाज माझ्याच कानाला नवा वाटला.

दोन्ही मिलच्या हमालांनी पोहे चढवले, भाऊंनी वर गुळाच्या भेल्या ठेवल्या. पाण्याच्या कडेपर्यंत ट्रक, तिथून पुढं पाण्यातून मासेमार ढिवरांचे डोंगे.

दिवस मावळता मावळता ट्रक आला तो गच्च भरून. बाया, म्हातारे, शेळ्या, केबिनवर एक कोंबडी, आणि गुळानं तोंडं माखलेली पोरं. शेठ फाटकात उभे होते. "हं! अशी आणाव गाडी!" म्हणाले आणि हसता हसता रडायला लागले. परत आलेला तो तांदूळ मग मिलच्या आवारातच शिजला. वाढायला भाऊ होते.

गेल्या उन्हाळ्यात शेठ गेले. त्यांच्याच ट्रकमधून त्यांना नदीवर नेलं. सगळं आटोपल्यावर आम्ही मान खाली घालून पायीच निघालो होतो. मागून ड्रायव्हर रिकामा ट्रक घेऊन आला. भाऊंनी हात दाखवून तो थांबवला, डोळे पुसले, फाळक्यावर पाय दिला आणि आमच्यावर ओरडले,

"चढा बे सारे! खाली गाडी पाहून उठून बसन तो!"