मक्याच्या शेतापलीकडचं हॉस्पिटल

रेसिडेन्सीच्या, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाच्या, तिसऱ्या वर्षी आम्हा डॉक्टरांना बाहेर जादा शिफ्ट करायची परवानगी मिळाली. आठवडाभर इमर्जन्सीत राबायचं आणि सुट्टीच्या दिवशी विरंगुळा म्हणून दुसऱ्या इमर्जन्सीत राबायचं, ह्याला इथे मूनलाइटिंग म्हणतात. नाव ऐकून नागपूरला माझ्या आईला वाटलं, जावई मला कुठेतरी फिरायला नेतोय.

माझ्यापुढे दोन जागा होत्या. एक आमच्या गावातच, नेपरव्हिलमध्ये, घराजवळचं अर्जंट केअर. म्हणजे सर्दी, खोकला, मुरगळलेले पाय आणि महाराष्ट्र मंडळातले यच्चयावत काका-काकू. दुसरं, मक्याच्या शेतांमधून बराच वेळ गाडी हाकल्यावर लागणारं छोटं हॉस्पिटल. तिथे पैसे जास्त, शिवाय "शिकायला खूप मिळतं." हे वाक्य मी भारतातही ऐकलं होतं. अर्थ दोन्हीकडे एकच: शिकवायला कोणी नसतं.

"जाऊन बघून तरी ये," नवरा म्हणाला. तो सॉफ्टवेअरवाला, त्याच्याकडे काही बंद पडलं तर रीस्टार्ट करतात.

एका रविवारी दुपारी गेले. तिथल्या डायरेक्टरांनी आधी पार्किंग दाखवलं, मग कॉफी मशीन, मग खिडकीतून दिसणारं तळं.

"श्वासनलिकेत नळी जात नसेल तर मदतीला कोण येतं?" मी विचारलं.

"तुमच्यासारख्या हुशार डॉक्टरला मदत कशाला लागेल?" ते हसून म्हणाले. मला इतका मान आमच्या हॉस्पिटलात कधीच मिळाला नव्हता.

त्या दिवशी ड्युटीवर एकच डॉक्टर होता, एका शेतकऱ्याच्या हार्ट अटॅकशी झुंजत. तेवढ्यात एक बाई धावत आत आली. कडेवर दोन-तीन वर्षांचा मुलगा, ताप चढलेला, अंगाला झटके, ओठ निळे. नर्सनं त्याला कॉटवर घेतलं आणि पलीकडे हाक मारली. पलीकडून डॉक्टर ओरडला, "इथे शॉक द्यायचाय, मला हलता येत नाही!"

मी पर्स खुर्चीवर फेकली. मुलाला कुशीवर वळवलं, तोंडातली लाळ ओढून घेतली, जबडा उचलून धरला, ऑक्सिजन लावला. डॉक्टरनं तिथूनच औषध आणि डोस सांगितला, नर्सनं दिलं. ते मिनिट कसं गेलं ते त्या आईला आणि मलाच ठाऊक. मग झटके थांबले, ओठ गुलाबी झाले, आणि पोरानं असा टाहो फोडला की आई खालीच बसली.

"बघा," डायरेक्टर मागून कौतुकानं म्हणाले, "किती छान रुळलात तुम्ही इथे!"

शेतकऱ्याला ॲम्ब्युलन्सनं मोठ्या हॉस्पिटलात रवाना केल्यावर तो डॉक्टर माझ्यापाशी आला. माझ्याहून फार तर दोन वर्षांनी मोठा असेल. शर्ट घामानं भिजला होता.

"थँक यू. तू जॉइन होणार आहेस?"

"तू असशील का माझ्याबरोबर?"

"इथे दोघं कधीच नसतात. आणि मी सोडतोय. ते तुला माझीच जागा दाखवतायत."

गाडीत बसल्याबसल्याच मी नकार कळवला. डायरेक्टरांना फार वाईट वाटलं. तळं सगळ्यांना आवडतं म्हणे.

मी अर्जंट केअर धरलं. पहिल्याच शनिवारी मंडळातले एक काका खोकत हजर.

"अँटिबायोटिक देऊन टाक गं."

"गरज नाही काका. व्हायरल आहे, बरं होईल."

"मग एवढं शिकलीस कशाला?"

शेजारच्या खोलीत दुसरी डॉक्टर एका मुलीच्या हाताला प्लास्टर घालत होती. तिचा आवाज भिंतीतून ऐकू येत होता, हाक मारली असती तर लगेच आली असती. मी काकांना गरम पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या आणि अगदी मनापासून हसले. त्यांना ते मुळीच आवडलं नाही.