बेबीबाईचा आवाज

मानोऱ्याला शाहिदच्या दुकानात फोन दुरुस्तीला दिला की ललिताबाई राठोड तिथून हलायच्या नाहीत. स्टुलावर बसून शाहिदच्या हातांकडे बघत राहायच्या. दुकानवाले आतली चांगली वस्तू काढून जुनी घालतात, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. शाहिदला आता त्याचं काही वाटत नसे. त्या दिवशी त्याने फोन उघडून त्यांच्यासमोर ठेवला, नवा डिस्प्ले यायला वेळ होता म्हणून कॉम्प्युटरवर एक गेम सुरू केला आणि आवाज मोठा केला.

पडद्यावर बर्फ पडत होता. तलवार लटकवलेला एक माणूस घोड्यावरून जळक्या गावात शिरत होता. ललिताबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. मग एक बाई गायला लागली. सोबत वाद्य नाही, काही नाही. गळा मोकळा सोडून मारलेली लांब हाक, आणि शेवटी वर जाऊन तुटलेला आवाज, हुंदका आला की तुटतो तसा. मागून दोन-तीन बायकांनी तीच हाक उचलली.

ललिताबाई उठून उभ्या राहिल्या.

"थांबव ते. कोन गाऊन राह्यली हे?"

शाहिदने गेम थांबवला. "गेममधलं गानं हाये काकू. गानारी कोन, मले काय माहीत?"

"माही बहीन हाये ते. बेबीबाई."

शाहिद पुन्हा उघड्या फोनकडे वळला. बेबीबाई वारल्याचं त्याला ठाऊक होतं.

बेबीबाई ललिताबाईंची थोरली बहीण. दोघी पोहरादेवीजवळच्या एकाच बंजारा तांड्यात दिल्या होत्या. तांड्यात कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं की ढावलो शिकवायला बेबीबाईला बोलावणं यायचं. ढावलो म्हणजे सासरी निघालेल्या मुलीचं रडणं, पण गाऊन रडलेलं. आईच्या गळ्यात पडून एक, भावाच्या गळ्यात पडून दुसरं. हुंदका कुठे घ्यायचा तेही शिकावं लागतं. ललिताबाईंनाही त्यांच्या लग्नाआधी तो बहिणीनेच शिकवला होता. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बेबीबाईला यवतमाळला नेलं आणि तिचं सगळं तिकडेच उरकलं. कोणाला तोंड पाहायला मिळालं नाही. गर्दी करायची नाही म्हणून तांड्यातल्या बायका आपापल्या दारात बसून रडल्या. तेव्हापासून लग्न ठरलेल्या मुलींना शिकवायचं काम ललिताबाईंकडे आलं.

बसमध्ये परत येताना त्यांना तो पुण्याचा माणूस आठवला. बेबीबाई चांगली धडधाकट असताना तो गाणी गोळा करत आला होता. त्याच्या हातात मांजराच्या शेपटीसारखा केसाळ माईक होता. बेबीबाईच्या अंगणात खाटेवर बसून त्याने ढावलो भरून नेला, आणि पुन्हा कधी दिसला नाही. त्याला घरी घेऊन आला होता बेबीबाईचा मुलगा, नवीन.

आता ललिताबाईंच्या मनात सगळं जुळत गेलं. नवीन जेसीबी चालवायचा. मागच्या दिवाळीला त्याने नवी मोटारसायकल आणली होती. फोन आला की तो उठून लांब जाऊन बोलायचा. घरात एकटा माणूस, तरी लोखंडी कपाटाला कुलूप. आई गेल्यापासून तो ललिताबाईंकडेच जेवायला यायचा. त्या रात्रभर कूस बदलत राहिल्या, आणि सकाळी त्याच्या ताटात भाकरी वाढताना त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"काय पाहून राह्यली मावशी?"

"काई नाई. जेव."

त्यांनी नवऱ्याला, रामसिंगला, सांगितलं. रामसिंग बैलाच्या शिंगांना तेल लावत होता.

"तुले तर साऱ्याचाच संशय येते," तो म्हणाला. "ऊसतोडीले होतो तवा मुकादमाच्या बायकोवर येत होता. मंग दूधवाल्यावर."

"मुकादमाच्या बायकोचं खरं निघालं होतं."

"ते एक खरं निघालं."

पण ही गोष्ट त्यांच्या पोटात राहिली नाही. पाण्यावर गेल्या तेव्हा त्यांनी ती एका बाईला सांगितली, आणि दोन दिवसांत तांडाभर झाली. नवीनने मेलेल्या मायचा आवाज विकला, परदेशात तो लढाईच्या खेळात लावतात. तांड्याच्या प्रमुखाच्या, सोमला नाईकाच्या, ओट्यावर बसलेली माणसं नवीन समोरून गेला की बोलणं थांबवू लागली. शेवटी ललिताबाईंनीच त्याला जेवताना विचारलं.

"नवीन, तू मायचा आवाज इकला काय?"

नवीनने हातातला घास ताटात ठेवला. त्याने नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. ताटावरून उठला, हात धुतले आणि निघून गेला. त्यानंतर तो जेवायला आला नाही. ललिताबाईंना आता शंकाच उरली नाही. खरं नसतं तर पोरगा भांडला असता.

त्यांची मुलगी संगीता वाशिमला शाळेत शिकवते. रविवारी ती आली. तिने वाटेत शाहिदकडून गेमचं नाव घेतलं होतं आणि फोनवर सगळं शोधून ठेवलं होतं.

"आई, हे गानं आपलं नाई," ती म्हणाली. "रशियाच्या बाजूले स्लाव लोकं राह्यतात. त्यायच्या खेड्यात लग्नाच्या आधी नवरी रडते, तवा बाया असं गातात. गेमचं संगीत करनाऱ्यानं त्यायचं जुनं गानं घेतलं. पाह्य."

फोनवर एक जुनं चित्रण होतं. डोक्याला रुमाल बांधलेल्या म्हाताऱ्या बाया एका मुलीला घेरून बसल्या होत्या. मुलीच्या तोंडावर ओढणी ओढलेली. तीच हाक, तसाच तुटणारा आवाज.

ललिताबाईंनी ते पाहिलं. "चित्र एकाचं आन आवाज दुसऱ्याचा, असं करता येत नाई काय?"

संगीताने खोटं सांगितलं नाही. "येते."

"मंग?"

गेमवाल्याने अशी गाणी कुठून कुठून घेतली ते दाखवायला संगीताने त्याच गेममधलं दुसरं गाणं लावलं. ते स्कॉटलंडच्या बेटांवरचं होतं, गेलिक भाषेतलं. त्याच्याही मूळ चित्रणात बाया होत्या. लांब फळीभोवती बसून त्या ओलं लोकरीचं कापड तालात आपटत होत्या. एक पुढे म्हणायची आणि बाकीच्या मागून उचलायच्या. ललिताबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं. हे मात्र त्यांना खरं वाटलं. काम करताना गाणाऱ्या बायका कोणाला फसवायला बसत नाहीत, असं त्या म्हणाल्या. मग पहिलं चित्रण पुन्हा लावायला सांगितलं.

या वेळी त्या गाणाऱ्या बाईकडे न बघता मुलीकडे बघत होत्या. मुलीला रडू येत नव्हतं. ती ओढणीआड नुसती बसून होती. शेजारच्या म्हातारीने तिच्या मानेवर हात ठेवून तिला खाली दाबलं आणि दंडाला हळूच चिमटा घेतला. तेव्हा मुलीचा आवाज फुटला.

"असंच केलं होतं बेबीबाईनं मले," ललिताबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "हे म्हातारी तिची कोन असन?"

"ते नाई लिहेल इथं."

"मावशी असन." त्यांनी फोन खाली ठेवला. "चिमट्यानं फुटला तो आवाज उसना नसन. ही बेबीबाई नाई. पन मंग नवीन बोलला काहून नाई?"

त्या तशाच उठल्या आणि नवीनच्या घरी गेल्या. संगीता आणि रामसिंग मागोमाग गेले. नवीन ओट्यावर बसला होता. ललिताबाईंनी घरात शिरून कपाटाकडे बोट दाखवलं.

"उघड."

नवीनने उघडलं. आत आईची भरतकामाची चोळी, म्हणजे कांचोळी, आरसे लावलेली ओढणी, आणि एका डबीत पेन ड्राइव्ह होता.

"त्या पुण्याच्या मानसानं पाठवला होता," तो म्हणाला. "माय गेल्यावर. त्यानं कोनाले इकलं नाई काई. गानं भरलं तसंच्या तसं पाठवलं."

"मंग लपवलं काहून?"

"तुमाले देल्लं असतं तर लग्नायत डीजेवर वाजवलं असतं लोकायनं. आन त्याच्यात माय मले हाक मारते. एकडाव आइकलं म्या. पुन्हा लावलं नाई."

संगीताने आईच्या घरी ठेवलेला आपला लॅपटॉप आणला आणि त्यावर ते लावलं.

आधी कोंबड्यांचा आवाज, मग खाट करकरली. मग एक बाई गायला लागली. आवाज बारीक होता, नाकातून आल्यासारखा, जरा घाबरलेला. ललिताबाई पुढे वाकून ऐकत होत्या. मध्येच गाणं थांबलं. "नव्या, त्या पावन्याले पानी दे," बाई म्हणाली. नवीन उठून बाहेर गेला.

"हे बेबीबाई नाई," ललिताबाई म्हणाल्या.

"आई, तिचंच घर हाये. नाव घेतलं तिनं नवीनचं."

"तिचा आवाज असा नोहोता. चार घरं पलीकडं आइकू जात होता. ते बर्फातली बाई गात होती तसा होता." हे बोलल्यावर त्या घाबरल्या. खऱ्या बहिणीचा आवाज परका वाटत होता आणि परक्या मुलखातल्या बाईचा सख्खा. पेन ड्राइव्हवर, मशीनवर, त्या पुण्याच्या माणसावर त्यांनी संशय घेऊन पाहिला, पण कुठेच तो टिकेना. मग तो त्यांच्या स्वतःच्या कानांवर आला. चार वर्षांत आपण बहिणीचा आवाज आपल्या मनानेच मोठा करून ठेवला असेल, तर तिचं आणखी काय काय आपण बदललं असेल?

रेकॉर्डिंग चालूच होतं. गाणं संपलं आणि मागून कोणीतरी घोगऱ्या, करड्या आवाजात म्हणालं, "झालं काय वो बाई? का अजून बसून राहाचं हाये?"

"हे कोन भांडखोर मधात?" ललिताबाईंनी विचारलं.

रामसिंग हसला. संगीताने तोंड फिरवलं.

"तू हायेस ते," रामसिंग म्हणाला.

"माहा आवाज असा नाई."

"असाच हाये."

ललिताबाईंनी संगीताकडे पाहिलं. संगीताने मान हलवली. त्यांनी ते वाक्य पुन्हा लावायला सांगितलं, एकदा, मग आणखी एकदा. त्या दिवशी अंगणात त्या दाराला टेकून उभ्या होत्या, हे त्यांना आठवत होतं. त्यांना घरी जायची घाई होती आणि त्या बहिणीवर चिडल्या होत्या. आपला आवाज आपल्याला कळला नाही, तर बहिणीचा न कळण्यात नवल नव्हतं.

"सुरुवातीपासून लाव," त्या म्हणाल्या.

या वेळी त्या मागे टेकून बसल्या. बारीक आवाज चढत गेला. हुंदका जिथे घ्यायला शिकवला होता, तिथेच त्यांच्या तोंडून तो आला आणि मग थांबला नाही. बेबीबाईसाठी त्या पहिल्यांदाच मोठ्याने रडल्या. शेजारच्या दोघीतिघी धावत आल्या आणि काय झालं ते न विचारता त्यांच्याजवळ बसून रडू लागल्या. नवीन बाहेरून आला आणि दारातच थांबला.

दुसऱ्या दिवशी ललिताबाई सोमला नाईकाच्या ओट्यावर गेल्या. बसलेल्या माणसांना त्यांनी सांगितलं, की पोराने काही विकलं नाही, चुकीचं आपण बोललो. नाईकाने विचारलं, मग ते परदेशी गाणं कोणाचं? त्या म्हणाल्या, तिकडच्याही बाया आपल्यासारख्याच पोरी नांदायला पाठवतात.

संध्याकाळी नवीन जेवायला आला. ललिताबाईंनी त्याला दोन भाकरी जास्त वाढल्या. तो जेवत असताना त्याचा फोन वाजला, तेव्हा तो उठून लांब गेला आणि बराच वेळ बोलत राहिला.

"कोनाशी बोलून राह्यला हा?" त्यांनी रामसिंगला हळूच विचारलं.