बहिणीच्या ओहोळावरचं मुसळ

माझी धाकटी बहीण मुरबाडला खात्यापित्या घरात पडली आणि मी किन्हवलीकडच्या एका पाड्यावर. लढाईची वर्षं होती, दाणा मिळेनासा झाला होता. घरचं भात सडायचं काम माझं. पहाटे उखळाशी उभी राहायचे. दंड भरून आले की तशीच दुसऱ्याच्या शेतावर जायचे.

एकदा ओहोळावर भांडी घासताना लाकडी डाव दगडावर आडवा राहिला. धारेखाली त्याची वाटी भरली की ती खाली जायची, पाणी सांडलं की दांडा दगडावर आपटायचा. माझ्या मनात आलं, ओंडक्याला असाच खळगा कोरला आणि दुसऱ्या टोकाला मुसळ बसवलं, तर भात पाणीच सडेल.

नवरा हसला नाही. बांधावरचं ऐनाचं झाड वाऱ्याने पडलं होतं, त्याचा ओंडका त्याने सवडीने कोरला. ओहोळावर बसवला तेव्हा मुसळ खरंच वर जाऊन खाली आलं. पण तिरकं पडायचं. भात उडायचं, उरलेल्याची कणी व्हायची. ओंडका ज्यावर तोलला होता तो टेकू कुठे सरकवायचा ते मला दिसत होतं. एवढ्यात परतीच्या पावसात घराच्या छपराचं आढं मोडलं.

नवरा म्हणाला, "ह्योच ओंडका घालाया लागंल. दुसरा नाय."

पोरं भिजत होती. मी ओंडक्याचं दुसरं टोक धरलं.

दिवाळीत माहेरी गेले तेव्हा हसण्यावारी सगळं बहिणीला सांगितलं. पुढच्या वर्षी तिने निरोप धाडून मला बोलावून घेतलं. तिच्या घरामागच्या ओहोळावर मुसळ आपसूक पडत होतं. भात पांढरं स्वच्छ निघत होतं, आणि ती जवळ बसून निवांत वेणी घालत होती. बघायला आलेल्या बायकांना ती सांगायची, "ही अक्कल आमच्या आक्काची." तिने ते लपवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. भांडता तरी आलं असतं.

मी विचारलं, पहिल्याच वेळी जमलं का?

"नाय गो. पयला ओंडका फुटला, दुसरा हलका झाला. दोन्ही चुलीत घातले. तिसरा लागला."

मुसळाचा हेवा वाटत होताच. पण चुलीत गेलेल्या त्या दोन ओंडक्यांवर मी जास्त जळले. तिला चुकायची मुभा होती. आम्ही एकदा चुकलो आणि संपलं.

निघताना तिने त्याच मुसळाखाली सडलेले तांदूळ बांधून दिले. पोरांनी आवडीने खाल्ले. मी माझ्यापुरती नाचणीची भाकर थापली.

फाल्गुनात कानावर आलं, तिचा ओहोळ आटला, मुसळ थांबलं. तो दिवस मी खुशीत काढला. मग कळलं, त्यांनी गडी लावून वरच्या अंगाला पाणी अडवलंय आणि मुसळ पुन्हा पडतंय. त्यानंतर तिने किती निरोप धाडले, तरी मी पुष्कळ दिवस मुरबाडला गेले नाही.