त्रेंदाफिलचा त्याग

त्रेंदाफिलने आयुष्यभर त्यागच केला, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, कारण तो स्वतःच ते सांगत फिरायचा. कुस्तीपायी त्याने शेत सोडलं. ते त्याची बायको नेद्याल्का कसू लागली. मुलगा कामेन पहिलवान व्हावा म्हणून त्याने दूध-लोणी सोडलं. म्हणजे नेद्याल्काच्या ताटातलं. ती बिचारी सगळ्यांचं झाल्यावर चुलीपाशी उभ्यानेच, गार झालेलं खायची.

यंदा कामेन जिल्ह्याच्या आखाड्यात उतरला, तेव्हा बाप संत गेओर्गीला नवस बोलला, "पोरगा जिंकला तर बेल्चोचा बळी देईन!" बेल्चो हा नेद्याल्काचा पांढरा मेंढा, त्याची आई मेल्यावर तिने बाटलीने दूध पाजून वाढवलेला. त्रेंदाफिलचाही एक मेंढा होता, पाशा. रंगवलेली शिंगं, गळ्यात घंटा. तो नेमका नवसाच्या वेळी आठवला नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला कितीसा वेळ लागतो!

कामेन जिंकला. नेद्याल्काने टाळ्या वाजवल्या आणि मग ती गोठ्यात जाऊन रडली.

"रडतेस काय? त्याग करायला शीक. माझ्याकडे बघ जरा."

"लग्न झाल्यापासून बघतेच आहे की."

संत गेओर्गीच्या सणाच्या सकाळी चर्चच्या अंगणात गावजेवणाच्या कढईखाली जाळ झाला. त्रेंदाफिलने पाशालाही आणलं होतं, मिरवायला. फादर ओनुफ्रींनी बेल्चोच्या शिंगांवर मेणबत्त्या लावल्या, त्याला मीठ चारलं आणि विचारलं, "मेंढा कुणाचा?" मालकाने दोरी धरून "माझा" म्हणायचं, अशी रीत.

नेद्याल्काने दोरी धरली. "माझा, फादर. पण नवस मी नाही बोलले."



"त्रेंदाफिल, दुसऱ्याच्या मेंढ्याने नवस फिटत नाही रे," फादर म्हणाले. "तुझं काय आणलंयस?"

सगळ्यांच्या माना पाशाकडे वळल्या. त्रेंदाफिलला तिथल्या तिथे साक्षात्कार झाला. "फादर, देवाला रक्त कशाला हवंय? देव भावाचा भुकेला!"

"देव असेल," मागून एक म्हातारी करवादली, "आम्ही मटणाचे भुकेले आहोत!"

शेवटी कढईत मसूर पडला. सणासुदीला मटण सोडायला काय काळीज लागतं, हे त्रेंदाफिल पाशाच्या मानेवर हात फिरवत भेटेल त्याला सांगत होता.

पहिला वाडगा विजेत्याचा असतो. कामेनने तो घेतला आणि कढईपाशी उभ्या आईला सरळ बाकाशी नेलं.

"आई, बस आधी."

मसूर जरा कच्चाच होता. नेद्याल्काने तो बसून, गरमागरम खाल्ला.