धुतलेलं ऊब धरतं

यमुनाक्कांबद्दल लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं, कारण त्यांच्याबद्दल लिहायचं तर स्वतःबद्दल खरं लिहावं लागतं.

तंजावूरच्या ज्या खाजगी रुग्णालयात मी मेंदूच्या शस्त्रक्रिया करत असे, तिथे त्या थर्मल कॅमेरा सांभाळत. कवटी उघडली की हा कॅमेरा मेंदूच्या पृष्ठभागाची ऊब रंगांत दाखवतो. रक्त पोचतं तिथे लाल-पिवळं, अडतं तिथे निळं. रोज सकाळी अक्का कॅमेऱ्यासमोर कोमट पाण्याचं भांडं ठेवत, त्याला हाताची मागची बाजू लावत आणि मगच पडद्याकडे बघत. "हात आणि कॅमेरा एकच सांगतात का, बघायला नको?" कॉफीचा पेलाही त्या तसाच तपासत. "अय्यो, ही कॉफी की कावेरीचं पाणी?" म्हणून कँटीनला परत पाठवत.

त्या आमच्यासारख्याच तंजावूरच्या मराठी घरातल्या, पण वाचता फक्त तमिळ येई. "आमची मराठी तोंडातच राहते, डॉक्टर. कागदावर उतरत नाही." मी पुण्यात शिकलो, देवनागरी लिहितो, याचं त्यांना भारी कौतुक.

त्या दिवशी टेबलावर पापनाशमच्या एक शिक्षिका होत्या. मेंदूतल्या धमनीला फुगा आलेला. त्या फुग्याच्या मानेवर, म्हणजे बुडाशी, त्यातलं रक्त बंद करणारी क्लिप बसवायला मला तीन प्रयत्न लागले. अखेर बसली. मी जागा सलाइनने धुतली.

"डॉक्टर, शेजारी निळं होतंय."

"आत्ताच धुतलंय, अक्का. गार दिसणारच."

त्यांनी पुन्हा पडदा पाहिला. "धुतलेलं ऊब धरतं. हे धरेना. धमनीची एखादी फांदी क्लिपमध्ये अडकली असेल, बघा ना."

त्यांचं बरोबर असणार, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण क्लिप उघडली आणि फुगा फुटला तर? माझे हात पुन्हा तिथे जायला तयार नव्हते.

"अक्का, हे तुमचं स्वयंपाकघर नाही."

दोघी नर्स हसल्या. मी कवटी बंद करायला घेतली.

शिक्षिकाबाईंचा उजवा हात गेला, तो परत आला नाही. चौकशीत मी लिहून दिलं की कॅमेरा आधी तपासलेला नव्हता, म्हणून त्यावर विसंबता आलं नाही. बाईंच्या घरच्यांनाही तेच सांगितलं. कॅमेरा कपाटात गेला आणि अक्का उपकरणं धुण्याच्या बिनखिडकीच्या खोलीत. शस्त्रक्रियागृहाकडे जायला त्या दारावरूनच वाट होती, दुसरी नव्हती. निवृत्त होईपर्यंत मी रोज तिथून गेलो, आणि वाफेतून रोज हाक यायची, "जेवलात का, डॉक्टर?" त्या एकदा भांडल्या असत्या तर मी सुटलो असतो.

त्या अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा मी चार ओळींचं पत्र घेऊन गेलो. मुद्दाम देवनागरीत लिहिलेलं. तमिळमध्ये लिहिलं असतं तर त्यांनी माझ्यादेखत वाचलं असतं. अक्कांनी कागद उलटसुलट पाहिला आणि परत दिला.

"तुम्हीच वाचा की."

त्यांची लेक कॉफी घेऊन दारात उभी होती. मी वाचलं, "प्रकृतीला जपा. औषधं वेळेवर घ्या."

अक्कांनी माझ्या बोटांना हाताची मागची बाजू लावली. "एवढंच लिहिलंत, आणि हात इतके गार?"

पुढच्याच महिन्यात त्या गेल्या. पत्र माझ्याकडेच आहे. त्यात लिहिलंय : यमुनाक्का, त्या सकाळी पाण्याचं भांडं मी पाहिलं होतं. तुम्ही कॅमेरा तपासला होता. खोटं मी बोललो. मला क्षमा करा.