भोईटेकाकांचे खडे

डोळा लागतोय हे मला कळतंय. दुपारचे साडेतीन, प्रयोगशाळेबाहेरचा बाक, आणि आत माझा चंबू थंड होतोय. स्फटिक जमताना शेजारी बसू नये, असं भोईटेकाका सांगायचे. म्हणून मी बाहेर. पंख्याची घरघर लांब लांब जाते, आणि बघते तर मी आतच आहे आणि काका ओट्यापाशी उभे आहेत.

काका आमचे प्रयोगशाळा सहायक. मार्चमध्ये गेले, एसटीची वाट बघता बघता. माकडतापावरच्या आमच्या औषधाची एकमेव चांगली खेप त्यांच्या हातची. गोचीड चावून होणारा हा ताप काजूच्या बागांत माणसं मारतो आणि त्याला औषध नाही. काकांच्या खेपेवर बाराच्या बारा उंदीर जगले होते. खडीसाखरेसारखे खडे होते ते. मग एके दिवशी तोच पदार्थ सुयांसारखा जमला. रेणू तोच, पण सुया पाण्यात विरघळत नाहीत; औषध पोटात जातं तसंच बाहेर पडतं. तेव्हापासून चौदा वेळा केलं आणि चौदा वेळा सुयाच. शुक्रवारपर्यंत दोन ग्रॅम खडे दाखवले नाहीत तर काम बंद.

"काका, काय केलं होतं तुम्ही त्या दिवशी?" मी विचारते. मेलेल्या माणसाला आधी कसे आहात विचारावं, एवढीही रीत मला उरलेली नाही.

"आवं मॅडम, वहीत लिवलंय त्येच केलं."

"वहीतलं चौदा वेळा करून झालं."

"मग मी आनि काय सांगू?" ते ओशाळून हसतात.

मला रडू येतं. त्यांनी काहीतरी लपवलं असेल, एखादी हाताची खुबी असेल, याच आशेवर मी इतके दिवस ढकलले. त्यांच्याकडे काहीच नाही.

नाही कसं? त्यांच्या हातात चंबू आहे आणि तळाशी खडे आहेत. स्वच्छ, जाड, तेच. मी पुढे होते.

"थांबा! तितंच ऱ्हावा." काका मागे सरतात. "तुमच्या अंगावर हायेत त्या सुया. केसात, कोटावर. येक कण पडला की माझंबी समदं सुया हुतंय."

माझी सहकारी तस्नीम दोन महिने हेच सांगतेय. मी कोट उकळले, केस कापले, तिच्यावर खेकसले, पण आत जाणं काही थांबवलं नाही.

काकांच्या मागे आता ओटा नाही, काजूची बाग आहे. झाडांखाली पोत्यांवर बायका पडल्यात, डोळे लाल झालेल्या. एक बाई माझ्याकडे हात करते.

"या कधीपासून आहेत?"

"सकाळधरनं. तुमचीच वाट बघत्यात."

"मग द्या ना त्यांना!"

"माझ्या हातचं आता कुनाला लागू व्हनार? मी गेलोय न्हवं."

"मला द्या. मी देते."

"तुमास्नी दिलं की त्याच्या सुया."

मी त्या बाईकडे बघते, काकांकडे बघते. मला राहवत नाही. एकच पाऊल टाकते. चंबूत एक पांढरा धागा उमटतो. मग शेजारी दुसरा. काका पाठ फिरवून चंबू सदऱ्याखाली घेतात.

"भाईर जावा, मॅडम. हात जोडतो."

अकरा वर्षांत त्यांनी मला कधी बाहेर जा म्हटलेलं नाही. ती बाई अजून हात करतेय. मी तिला तशीच टाकून बाहेर येते.

बाकावर बसून मान अवघडलीय. तस्नीम प्रयोगशाळेचं दार गदागदा हलवतेय.

"अगं हेमांगी, आत कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग कडी कुणी लावली?"

मी दार नुसतं लोटून बसले होते. कडी आतल्या बाजूला आहे, हातानं सरकवावी लागते. तिसरा मजला, खिडक्यांना गज. मी हात लावून बघते. दार आतून घट्ट आहे.

"सुताराला बोलावते," तस्नीम म्हणते.

"नको."

"वेड लागलंय का? शुक्रवार परवावर आलाय."

"माहीत आहे. तुझ्याही कोटावर सुया असतील गं," मी म्हणते, आणि तिला हाताला धरून दारापासून मागे ओढते.